विमान कुणासाठी आलं?

माझं माहेर मालवणजवळचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, त्यानंतरच्या दिवाळीत मी तिथल्या बचत गटाच्या बैठकीला गेले होते. न्याहारी-निवास काढायचा का, त्यासाठी बँकेचं कर्ज घ्यायचं का, अशी चर्चा रंगली होती. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘विमान इला, पण आमका काय गावला?’’ सगळ्या हसल्या. मला मात्र घरी आल्यावरही तो प्रश्न सोडेना. विमानाची आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वाट पाहिलेलं एक बेट आठवत राहिलं. सेंट हेलिना!

हे नाव शाळेत नेपोलियनच्या धड्यात आपण सगळ्यांनीच घोकलंय. इंग्रजांनी १८१५ मध्ये त्याला तिथे कैदेत ठेवलं आणि १८२१ मध्ये तो तिथेच वारला. दक्षिण अटलांटिक महासागरातलं हे बेट जेमतेम १२१ चौरस किलोमीटरचं. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९०० किलोमीटर दूर! पूर्वी हिंदुस्थानातून इंग्लंडला परतणारी जहाजं इथे थांबून पाणी, भाजीपाला भरून घेत. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि बेट जगाच्या वाटेवरून बाजूला पडलं.

मग घायपातासारख्या लांब पानांच्या एका झाडापासून वाख काढण्याचा धंदा आला. ब्रिटिश टपाल खातं त्याच्या सुतळीनं टपालाचे गठ्ठे बांधायचं. १९६० च्या दशकात खात्यानं नायलॉनची दोरी घेतली आणि इथल्या गिरण्या बंद पडल्या. काथ्याच्या धंद्याचे चढउतार पाहिलेल्या आपल्या कोकणातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

काम नाही म्हटल्यावर माणसं बाहेर पडली. असेन्शन बेटावर, फॉकलंडला, थेट इंग्लंडला. आपल्या चाकरमान्यांसारखंच म्हणा ना! फक्त आपल्याकडे वडील मुंबईला जात आणि आई घर राखायची. तिथे आयाही कामासाठी गेल्या आणि कितीतरी मुलं आजीच्या पदराखाली वाढली. एसटीत बसून रात्रीत गाव गाठण्याची सोयसुद्धा नव्हती. केपटाऊनहून ‘आरएमएस सेंट हेलिना’ हे एकच जहाज यायचं, तेही साधारण तीन आठवड्यांतून एकदा, पाच रात्रींचा प्रवास करून. घरून वाईट निरोप आला तर निघायचं कसं? एखादी बाळंतीण अडली आणि तिथल्या छोट्या इस्पितळात इलाज नसला तर? डोळे समुद्राकडे लावून बसायचं.

म्हणून ब्रिटिश सरकारनं सुमारे साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्चून विमानतळ बांधला. मे २०१६ मध्ये तो सुरू व्हायचा होता. पण त्याआधीच्या चाचणीत कळलं, की धावपट्टीजवळ वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो. ठरवलेलं मोठं विमान उतरवणं धोक्याचं. झालं! इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ म्हणून थट्टा मांडली. अखेर १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिलं नियमित प्रवासी विमान आलं, आकारानं लहान. पाच रात्रींचा प्रवास काही तासांवर आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या जुन्या जहाजानं बेटाचा निरोप घेतला.

बेटावर पाहण्यासारखं खूप आहे. नेपोलियनचं घर आहे, डोंगरावर चढणाऱ्या ६९९ पायऱ्या आहेत, १८३२ च्या सुमारास जन्मलेलं जोनाथन नावाचं कासव आहे. वर्षाला तीस हजार पर्यटक येतील, अशी स्वप्नं दाखवली गेली होती. आले त्याच्या काही हिस्साच. त्यात २०२० मध्ये करोना आला आणि नियमित विमानं दोन वर्षं बंद राहिली. तिकीटही तिथल्या पगाराच्या मानानं महागच.

म्हणजे विमानतळ फसला का हो? पर्यटकांची डोकी मोजली तर तसंच वाटेल. पण अत्यवस्थ रुग्णाला आता विमानानं दक्षिण आफ्रिकेच्या इस्पितळात नेता येतं. परदेशी राबणारी आई सुट्टीत आली, तर सुट्टीचे दिवस बोटीवर न जाता लेकरांजवळ जातात. हे कुठल्या खात्याच्या जमाखर्चात लिहितात? आपण बायका घरात जे राबतो, तेही असंच कुठे मांडलं जात नाही. पण म्हणून ते नसतं थोडंच!

पुढच्या खेपेला मी बचत गटात ही गोष्ट सांगितली. म्हटलं, खोल्या जरूर काढा, पण भाजीचा वाफा, कोकमं, मासळी सोडू नका. एकाच सुतळीला सगळं घर बांधलं, की ती दुसऱ्यानं कापायला वेळ लागत नाही. आणि विमानतळ झाला, की पाहुणे किती आले हे विचाराच, पण आपलं आजारी माणूस त्यातून वेळेवर नेता येतं का, आपल्या लेकीला तिकीट परवडतं का, हेही विचारा.

आजी म्हणाल्या, ‘‘माझी चेडू पुण्याक आसा. ती इली त्या विमानान, तर मी म्हणान माका गावला.’’

या वेळी मात्र कुणी हसलं नाही.