लिनक्ससाठी वायफाय अडॅप्टर निवडताना

एखादा वायफाय अडॅप्टर लिनक्सवर चालेल की नाही, हे खोक्यावरच्या नावावरून कळत नाही. ते आतल्या चिपवरून ठरते. अडॅप्टर विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ असल्या तरी चिप बनवणाऱ्या मोजक्याच आहेत: रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम, इंटेल, ब्रॉडकॉम. ड्रायव्हर लिहिला जातो तो या चिपसाठी.

फसगत होते ती एकाच नावाखाली चिप बदलल्यामुळे. टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती आणि लिनक्सवर तो लावताक्षणी चालत असे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात रिअलटेकची चिप आली, मॉडेलचे नाव मात्र तेच राहिले. जुनी शिफारस वाचून नवा अडॅप्टर घेणाऱ्याच्या हाती त्यामुळे वेगळीच वस्तू पडते. मॉडेलपुढचा ‘व्ही१’, ‘व्ही२’ हा बारीक अक्षरांतला क्रमांक म्हणूनच आधी पाहावा.

चिप कळली की तिचा ड्रायव्हर कुठे आहे, हा खरा प्रश्न. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. असा अडॅप्टर लावला की काम झाले. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर मात्र स्वतः कंपाइल करावा लागतो आणि कर्नल बदलला की पुन्हा तेच. डीकेएमएस ही यंत्रणा हे काम आपोआप करते, पण नव्या कर्नलची अंतर्गत रचना बदलली तर तीही अडते. नेमके त्याच वेळी वायफाय बंद असल्याने दुरुस्त ड्रायव्हर उतरवायचा कसा, ही पंचाईत. अशा वेळी फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. तरीही वेग थोडा कमी असला तरी चालेल, पण ड्रायव्हर कर्नलमधलाच असावा, हेच शहाणपणाचे.

मीडियाटेकच्या चिप या बाबतीत भरवशाच्या आहेत. एमटी७६१२यू चिपला २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून, तर वायफाय ६ च्या एमटी७९२१एयू चिपला २०२२ च्या ५.१८ पासून आधार आहे. रिअलटेकची परिस्थिती अलीकडे सुधारली: ८८२२बीयूसारख्या चिप ६.२ मध्ये आल्या, तर वर्षानुवर्षे बाहेर राहिलेली ८८१२एयू थेट २०२५ मध्ये. म्हणजे आपला कर्नल कोणता, हे ‘युनेम -आर’ या आज्ञेने पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. लॅपटॉपच्या आत बसणारे कार्ड हवे असल्यास इंटेलचे एएक्स२१० चांगले. एएक्स२११ मात्र ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालते.

ड्रायव्हर मुक्त असला तरी चिपमध्ये भरले जाणारे फर्मवेअर बहुधा बंदिस्त असते. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले. संपूर्ण मुक्त प्रणालीचा आग्रह असेल तर एआर९२७१ हा अजूनही उत्तम पर्याय, कारण तिच्या फर्मवेअरचा सोर्स कोड खुला आहे. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि जास्तीत जास्त १५० एमबीपीएस वेगाने चालते.

अडॅप्टर हाती असेल तर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा त्याचा ओळख-क्रमांक दाखवते आणि त्यावरून चिप शोधता येते. काही अडॅप्टर सुरुवातीला विंडोजचे ड्रायव्हर असलेली सीडी म्हणून दिसतात. अशा वेळी ते बिघडलेले नसतात. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज बसवले किंवा ती सीडी ‘इजेक्ट’ केली, की सहसा वायफाय उपकरण दिसू लागते.