जादूचा कॅट आणि घरचे नियम

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात जादूच्या वस्तूंची कमतरता नसली, तरी चांगला रंगलेला डाव एका बैठकीत उधळून लावण्याची ख्याती ज्या वस्तूने मिळवली आहे, ती म्हणजे ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’ नावाचा पत्त्यांचा कॅट. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत हा कॅट अवतरला. खेळाची रीत अशी की टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, ‘डंजन मास्टर’ म्हणवणारा सूत्रधार त्या पात्रांभोवतीचे जग शब्दांनी उभे करतो आणि जिथे यशापयशाची शंका असते तिथे फासे टाकून निकाल लावला जातो. एकच कथानक कित्येक महिने, क्वचित अनेक वर्षेही चालते. एका पानाने काय बिघडू शकते हे समजण्यासाठी ही दीर्घता ध्यानात ठेवावी लागते.

कॅट बहुधा १३ पानांचा, क्वचित २२ पानांचा असतो. खऱ्या पत्त्यांनीही तो खेळता यावा म्हणून प्रत्येक जादूच्या पानाला नेहमीचा एक पत्ता नेमून दिलेला असून, १३ पानांच्या कॅटला चारही रंगांचे राजा, राणी, गुलाम आणि एक जोकर एवढे पुरतात. २०१४ च्या नियमपुस्तकानुसार चौकटच्या राजाला ‘सूर्य’ मानतात आणि तो ५०,००० अनुभवगुण देतो. पात्राची पातळी या गुणांवरच वाढत असल्याने पहिल्या पातळीवरचे नवखे पात्र त्या एका पानाने थेट नवव्या पातळीवर पोहोचते. ‘चंद्र’ इच्छापूर्तीचे वर देतो, तर इस्पिकचा राजा म्हणजे ‘विनाश’ असून तो पात्राची सगळी संपत्ती हिरावून घेतो. किलवरच्या राजाकडे असलेली ‘पोकळी’ मात्र पात्राचा आत्मा काढून कुठल्या तरी दूरच्या वस्तूत कोंडते आणि मागे निश्चेष्ट देह उरतो. मोठ्या कॅटमध्ये ‘अंधारकोठडी’ हे पान अधिक असते. ते उचलणारे पात्र शस्त्रे आणि सामान जागीच टाकून अज्ञात ठिकाणी बंदिवान होते.

मूळ नियमांतील सर्वांत कसदार अट अशी आहे की आपण किती पाने उचलणार हे खेळाडूने आधीच जाहीर करायचे असते. तीन पाने म्हटल्यावर पहिले चांगले आले म्हणून थांबता येत नाही, आणि खेळाडू टाळाटाळ करू लागला तर उरलेली पाने आपण होऊन कॅटमधून बाहेर पडतात व आपला परिणाम घडवतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक उचललेले पान पुन्हा कॅटमध्ये परतते, त्यामुळे धोका कधीच संपत नाही. २२ पानांच्या कॅटमधून चार पाने उचलण्याचे ठरवणाऱ्याला ‘पोकळी’ किंवा ‘अंधारकोठडी’ यांपैकी एक गाठण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते, म्हणजे तिघांपैकी जवळपास एकाचे पात्र खेळातून बाजूला पडते. आपले पात्र गमावलेला खेळाडू पुढचे तास नुसता बसून राहतो आणि उरलेल्यांना ठरलेले कथानक बाजूला सारून सुटकेच्या मोहिमेवर निघावे लागते. एकाच्या हौसेची किंमत सगळ्यांनी मोजायची, हा या वस्तूतला खरा दोष होय. नशिबाची क्रूरता हा दोष नव्हे, कारण तिच्यासाठीच तर खेळाडू कॅटला हात लावतात.

या दोषावर निरनिराळ्या मंडळींनी जे उपाय योजले, त्यांना ‘हाउस रूल’ म्हणजे घरचे नियम म्हणतात. मेंढीकोटात हुकूम बंद ठेवायचा की कट करायचा हे जसे प्रत्येक घर आपल्यापुरते ठरवते, तसाच हा प्रकार आहे. गायगॅक्स यांची भूमिका या बाबतीत काळानुसार पालटली, ही मौजेची गोष्ट आहे: १९७४ च्या पुस्तिकांनी वाचकांना स्वतःची कल्पनाशक्ती वापरून खेळ वाढवण्यास मोकळीक दिली, आणि १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात मात्र त्यांनीच सर्वत्र एकसारखे नियम असावेत असा आग्रह धरला. टेबलांनी पहिलेच ऐकले.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे घातक पाने काढून टाकणे, आणि तोच सर्वांत निकृष्टही आहे, कारण भीती गेली की उरलेला कॅट निव्वळ बक्षिसांची पेटी ठरतो. दुसरा प्रचलित उपाय उचललेले पान परत न ठेवण्याचा. वरकरणी तो धोका कमी करणारा वाटतो. पण चार पानांच्या त्याच उदाहरणात हिशेब केला तर शक्यता घटण्याऐवजी किंचित वाढून सुमारे ३४ टक्के होते. लाभ होतो तो नंतर उचलणाऱ्यांना, कारण ‘पोकळी’ एकदा निघाली की ती पुन्हा कोणाला गिळू शकत नाही, आणि संपूर्ण टेबलाची हानी मर्यादित राहते. आधी कोणी उचलायचे यावरून पात्रांमध्ये जे राजकारण सुरू होते, तो या नियमाचा न मागता मिळालेला फायदा.

याहून विचारपूर्वक केलेले नियम पानाचे स्वरूप न बदलता त्याचा परिणाम घडण्याची रीत बदलतात. याचे बीज २०१४ च्या नियमपुस्तकातच आहे: ‘विनाश’ पानाने जाणारी घरे आणि जमिनी वास्तवात कमीत कमी फेरफार होईल अशा प्रकारे जाव्यात असे तिथे सांगितले आहे, आणि ‘सिंहासन’ पानाने मिळणारा किल्ला राक्षसांच्या ताब्यात असल्याने तो आधी जिंकावा लागतो. त्याच धर्तीवर ‘पोकळी’ने आत्मा तत्क्षणी न नेता ठरावीक मुदत द्यावी, किंवा आत्मा कोंडलेली वस्तू जवळपासच असावी, असे काही सूत्रधार ठरवतात, तर काही जण ‘सूर्य’ पानाच्या ५०,००० गुणांऐवजी एकच पातळी वाढवतात, म्हणजे एक पात्र इतरांना मागे टाकून निघून जात नाही. पाने किती उचलणार हे आधी सांगण्याची अट मात्र कोणी शिथिल करू नये, कारण ती गेल्यावर धाडसाचे रूपांतर सावध घासाघिशीत होते. तसेच नियम कोणताही असो, तो पहिले पान उचलण्यापूर्वी सर्वांना सांगितलेला असला पाहिजे. पान पाहिल्यावर दिलेली सवलत एकाला दया वाटते आणि दुसऱ्याला पक्षपात.

कॅट कथानकाच्या अखेरच्या बैठकीसाठीच राखून ठेवायचा, ही पद्धतही आढळते. तिच्यात नुकसान फारसे होत नाही हे खरे, परंतु ‘ज्वाला’ पानाने ओढवलेले सैतानाचे वैर किंवा ‘ठग’ पानाने एखाद्या परिचिताच्या मनात पेरलेला द्वेष यांना फळ धरायला अनेक बैठका लागतात आणि शेवटच्या रात्री तेवढा अवकाश उरत नाही. त्यापेक्षा कथानकाच्या मध्यावर, ‘पोकळी’ला मुदत देऊन, बाकीची पाने जशीच्या तशी ठेवून कॅट पुढे सरकवणारा सूत्रधार अधिक जाणता म्हणावा लागेल.