वाचकांची दूरस्थ सभा : संवाद-सर्व्हरची उभारणी व व्यवस्था

वसई प्रांताच्या इतिहासाचीं साधनें एका लिपींत नाहींत व एका गांवींही नाहींत. १५३४ पासून १७३९ पर्यंत हा प्रांत पोर्तुगीजांकडे होता; त्यानंतर तो मराठ्यांकडे आला. त्यामुळें आचोळें, सोपारें, वसई ह्या टापूंतील एखाद्या वाडीचा वा मिठागराचा पूर्वापार वृत्तांत लावावयाचा तर मोडी जाणणारा एक व पोर्तुगीज जाणणारा दुसरा, असे दोन वाचक तरी लागतात. पहिला बहुधा पुण्यास किंवा धुळ्यास सांपडतो, दुसरा पणजीस. आणि ताडून पाहण्याचें दप्तर कित्येकदां लिस्बनला असतें. पूर्वीं एका अक्षराच्या शंकेनिरसनास टपालानें महिने लागत. आतां हे सर्व वाचक संवाद-सर्व्हरवर एकत्र बसूं शकतात. अशी सभा कशी उभारावी व कशी चालवावी, ह्याचें दिग्दर्शन करण्याचें योजिलें आहे.

सर्व्हर म्हणजे अहर्निश चालू असलेला एक संगणक. सभासदांचे निरोप तो घेतो, ज्यांचे त्यांस पोंचवितो व, तशी सोय असल्यास, जपून ठेवितो. मोबाइलवरील साधा ग्रुप आणि हा, ह्यांत भेद असा कीं, ग्रुपांत वाढदिवसाच्या शुभेच्छा व ताम्रपटाचें वाचन एकाच प्रवाहांत वाहून जातात. सर्व्हरवर मात्र विषयवार निरनिराळीं दालनें करितां येतात, प्रत्येक दालनाचे अधिकार वेगळे ठेवितां येतात व जुना मजकूर शोधून काढितां येतो. ह्या पद्धतीचा एक आद्य नमुना म्हणजे आय.आर.सी.; फिन्लंडांतील औलू विद्यापीठांत यार्को ओइकारिनेन ह्यानें ती १९८८ च्या ऑगस्टांत सुरू केली. तींत गैरहजर सभासदास मागील बोलणें सर्व्हरकडून मिळत नसे. २०१४ सालीं जाहीर झालेली मॅट्रिक्स व २०१५ सालीं निघालेली डिस्कॉर्ड ह्यांनीं ही उणीव भरून काढिली.

ह्या दोहोंत निवड करितांना सोय पाहूं नये, स्वामित्व पाहावें. डिस्कॉर्डवर ज्यास ‘सर्व्हर’ म्हणतात तें वस्तुतः कंपनीच्या यंत्रावरील एक बिऱ्हाड होय. तें घटकेंत थाटतां येतें, पण घरमालकाचे नियम बदलले कीं बिऱ्हाडकरूस तें मुकाट्यानें मान्य करावें लागतात. स्लॅक नांवाच्या सेवेनें २०२४ च्या ऑगस्टपासून विनामूल्य मंडळांचा एक वर्षाहून जुना मजकूर कायमचा काढून टाकण्यास आरंभ केला. दुसरें उदाहरण फ्रीनोडचें. ह्या आय.आर.सी. जाळ्याच्या ताब्यावरून २०२१ च्या मे महिन्यांत तंटा होऊन बहुतेक स्वयंसेवक चालक बाहेर पडले व १९ मे रोजीं त्यांनीं ‘लिबेरा चॅट’ हें नवें जाळें उघडलें. श्रम एकाचे आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिति असल्यास काय होतें हें ह्यावरून दिसून येईल. करितां हस्तलिखितांच्या कामास मॅट्रिक्ससारखी, स्वतःच्या यंत्रावर चालवितां येणारी पद्धति आम्हांस अधिक योग्य वाटते.

उभारणींत पहिलें काम नांवाचें. मॅट्रिक्सचा सिनॅप्स हा सर्व्हर एकदां जें डोमेन-नांव धारण करितो तें पुढें बदलतां येत नाहीं. प्रत्येक सभासदाच्या ओळखीस तें जोडलेलें असतें. म्हणून हें नांव व्यक्तीच्या मालकीचें नसावें, संस्थेच्या नांवें नोंदवावें, आणि त्याचें नूतनीकरण संस्थेच्या खर्चांतून व्हावें. नंतर भाड्याचें यंत्र घेऊन त्यावर सिनॅप्स व पोस्टग्रेस हें माहितीकोठार बसवावें. जाण्यायेण्याचा मार्ग सुरक्षित राखण्यासाठीं प्रमाणपत्र लागतें. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तें फुकट देते. परंतु त्याची मुदत थोडी असल्यानें त्याचें नूतनीकरण आपोआप होईल अशी तजवीज पहिल्याच दिवशीं करावी. सभासदत्व खुलें ठेवूं नये. चालकानें दिलेल्या संकेतशब्दाशिवाय कोणासही नोंद करितां येऊं नये. नाहीं तर जाहिरातबाजांची झुंबड उडते.

दालनें आरंभीं चार पुरेत : सूचना, मोडी-वाचन, पोर्तुगीज-वाचन, व इतर चर्चा. मॅट्रिक्सच्या दालनांत अधिकार अंकांनीं दर्शवितात. साधारणतः सभासदास ०, पर्यवेक्षकास ५०, चालकास १००. समान अंकाच्या चालकास दुसरा चालक पदच्युत करूं शकत नाहीं. म्हणून १०० चा अधिकार दोघां-तिघां विश्वासूंसच द्यावा, पण एकट्यास कदापि देऊं नये. कूटलेखनाचाही विचार आधींच करावा. कारण तें एकदां सुरू केलें कीं त्या दालनांत पुन्हां बंद करितां येत नाहीं, आणि कूटलिखित मजकुरांत सर्व्हरला शोध घेतां येत नाहीं. वाचनाचीं दालनें म्हणून उघडीं असावींत. मात्र उघड्या दालनांतील मजकूर यंत्र सांभाळणाऱ्यास दिसूं शकतो. तेव्हां कागदाच्या मालकाचें नांव, पत्ता वा घरगुती बाब तेथें लिहूं नये.

ह्याच कारणास्तव छायाचित्रांविषयीं सावधगिरी हवी. मोबाइलनें घेतलेल्या चित्रांत, स्थाननोंद चालू असल्यास, त्या घराचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. चित्र पाठविण्यापूर्वीं ते काढून टाकावेत. मालकाची संमति असल्यावांचून एकही पान दालनांत येऊं नये. खरेदी-विक्रीचें दालन तर मुळींच नसावें. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाचें व निदान ७५ वर्षांचें हस्तलिखित हें पुरावस्तु ठरतें; त्याचा व्यापार परवान्याशिवाय करितां येत नाहीं, आणि खासगी व्यक्तीस तें परदेशीं पाठवितां येत नाहीं. सभेंत एक जरी सौदा झाला, तरी ज्या घरांनीं विश्वासानें पेटारे उघडले तीं घरें पुनरपि उघडणार नाहींत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. संवाद-सर्व्हर ही सभा आहे. तें दप्तर नव्हे. सभेंत बोललेलें कितीही मोलाचें असो, तें टिपून ठेविल्यावांचून साधन होत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति (१९१९–१९६६) सिद्ध केली, तेव्हां मान्य पाठाखालीं सोडलेले पाठही छापिले. कारण पुढील अभ्यासकास निर्णयाइतकीच निर्णयाची कारणेंही हवीं असतात. तोच दंडक येथें लावावा. प्रत्येक ओळीस क्रमांक द्यावा. संशयित अक्षरें चौकटी कंसांत घालावींत. केलेलें वाचन मागाहून दुरुस्त न करितां नवें वाचन खालीं निराळें लिहावें, म्हणजे पहिला पाठ लोपत नाहीं. मोडी अक्षरांस २०१४ मध्यें युनिकोडच्या ७.० आवृत्तींत स्थान मिळालें आहे; तथापि सर्वांच्या यंत्रांत तो टंक नसतो, म्हणून बालबोध लिप्यंतर सोबत अवश्य द्यावें. महिन्याच्या अखेरीस एका नेमलेल्या सभासदानें निर्णीत वाचन, मतभेद, वाचकांचीं नांवें, तारीख व संमतीची नोंद असें टिपण करून त्याची छापील प्रत संस्थेच्या दप्तरांत दाखल करावी. दालनाचा दुवा हा आधार म्हणून कोठेंही देऊं नये. डिस्कॉर्डनें २०२३ सालीं बाहेर दिलेल्या चित्रदुव्यांस मुदत घालण्याचें जाहीर केलें, हा इशारा पुरेसा आहे.

शेवटीं रक्षणाची गोष्ट. माहितीकोठार, चित्रसंग्रह, मांडणीची फाइल व सर्व्हरची स्वाक्षरी-किल्ली ह्या चारांची प्रत दर आठवड्यास निघावी व ती दुसऱ्या गांवीं राहावी. वर्षांतून एकदां त्या प्रतीवरून नवा सर्व्हर उभा करून पाहावा. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी होय. सर्व संकेतशब्द लखोट्यांत मोहोरबंद करून कार्यवाहाकडे ठेवावेत, आणि चालक बदलतांना ते बदलावेत. संग्राहकाच्या पश्चात् पोथ्या रद्दींत गेल्याचीं उदाहरणें ह्या पत्राच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नकोत. यंत्रावरील संग्रहासही तीच गति येऊं शकते, आणि तेथें तर रद्दीवाल्याच्या दुकानांत जाऊन पान परत आणण्याचीही आशा नसते. तेव्हां चालकानें नेमणूक स्वीकारतांनाच आपला उत्तराधिकारी सुचवावा, व संस्थेनें ती सूचना त्याच बैठकींत नोंदून घ्यावी.