सूक्ष्मतरंग संदेशवहन : भूरचना व जलवायुमान यांचे परिणाम

दोन स्थिर केंद्रांमध्ये सु. १ ते ४० गिगॅहर्ट्झ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) रेडिओ तरंगांद्वारे केलेले संदेशवहन. हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने दोन्ही आकाशक (अँटेना) परस्परांच्या दृष्टिरेषेत असावे लागतात. यंत्रे निर्दोष असूनही मधली जमीन व हवा यांमुळे संदेश तुटू शकतो. मार्ग वर्षातून ९९·९९% वेळ चालू राहावा अशी अट असल्यास एकूण खंड सु. ५३ मिनिटांचाच चालतो. म्हणून सरासरी हवामानापेक्षा वर्षातील प्रतिकूल घटकांवर आराखडा बेतावा लागतो.

भूरचना : तरंगांची बहुतेक ऊर्जा दृष्टिरेषेभोवतीच्या लांबट पट्ट्यातून (पहिल्या फ्रेनेल विभागातून) जाते. ५० किमी. अंतर व ६ गिगॅहर्ट्झ कंप्रता असता मध्यावर त्याची त्रिज्या सु. २५ मी. असते आणि तिचा निदान ६०% भाग मोकळा ठेवतात. शिवाय पृथ्वीच्या वक्रतेचा फुगवटाही ओलांडावा लागतो. सामान्यतः वातावरणातील प्रणमनामुळे तरंग किंचित खाली वाकतात आणि हा फुगवटा मध्यावर सु. ३७ मी. भासतो, मात्र क्वचित ते वर वाकले, तर तो सु. ७४ मी. इतकाही भासतो. अशा वेळी एरवी पुरेसे उंच असलेले मनोरे अपुरे पडतात. डोंगरमाथ्यावरील केंद्रांना याचा मोठा लाभ होतो. १९७९ मध्ये सूदान व सौदी अरेबिया यांमधील तांबड्या समुद्रावरून ३६० किमी. लांबीचा मार्ग उभारला गेला, तो दोन्ही बाजूंच्या २,००० मी.हून उंच पर्वतांमुळेच. समुद्र, खाड्या किंवा पाण्याने भरलेली भातखाचरे यांवरून मात्र परावर्तित तरंग मूळ तरंगात मिसळून त्याला क्षीण करू शकतात.

जलवायुमान : निरभ्र, निर्वात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होऊन हवेचे थर साचतात. त्यांतून तरंग अनेक मार्गांनी पोहोचतात व परस्परांना छेद देतात. सु. १० गिगॅहर्ट्झच्या खाली क्षीणनाचे हे प्रमुख कारण होय. त्यावरील कंप्रतांना पाऊस अधिक बाधक ठरतो. कारण तरंगलांबी कमी होत जाऊन थेंबांच्या आकाराच्या जवळ येते. तासाला १०० मिमी. वेगाच्या पावसात २० गिगॅहर्ट्झचा संकेत दर किलोमीटरला सु. १० डेसिबेलांनी, म्हणजे एकदशांशापर्यंत घटतो. ६ गिगॅहर्ट्झला ही घट सु. १ डेसिबेल असते. त्यामुळे कोकण व सह्याद्रीसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशांत उच्च कंप्रतेचे लांब मार्ग विश्वसनीय ठरत नाहीत.

उपाय : बहुमार्गी क्षीणनावर एकाच मनोऱ्यावर काही मीटर अंतराने खालीवर बसविलेले दोन ग्राहक आकाशक उपयोगी पडतात, एकाकडील संकेत मंदावला, तरी दुसऱ्याकडील बहुधा टिकतो. पावसाचा परिणाम दोहोंवर सारखाच होत असल्याने तेथे हा उपाय व्यर्थ होय. त्यासाठी टप्पे आखूड ठेवणे, कमी कंप्रता वापरणे व उभे ध्रुवण निवडणे इष्ट असते. आधुनिक यंत्रणा संकेत मंदावताच प्रेषणाचा वेग आपोआप कमी करून संपर्क टिकवितात. लांब पल्ल्याची बरीचशी वाहतूक आता प्रकाशीय तंतूंवरून होत असली, तरी दुर्गम भागातील मोबाइल मनोरे जोडण्यासाठी सूक्ष्मतरंग मार्ग वापरात आहेत. वादळवाऱ्याच्या वेळी तेथील लोकांना मदत मागता येणे पुष्कळदा या मार्गांच्या विश्वसनीयतेवर अवलंबून असते.