शेजारणीच्या चर्चमध्ये आपण गेलो तर



आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. तिनं गटातल्या सगळ्यांना रविवारी चर्चला बोलावलं. आम्ही गेलो, मागच्या बाकावर बसलो. उपासनेच्या शेवटी भाकरीचं ताट फिरलं. ते आमच्या समोरून पुढे गेलं, आम्हाला कुणी दिलं नाही. आमच्यातल्या एकीचा चेहराच उतरला. पंगतीत वगळलं जाणं काय असतं, ते तिनं लहानपणी सोसलेलं आहे. परत येताना ती म्हणाली, "मग बोलावलं कशाला?"

गटाच्या पुढच्या सभेत आम्ही मैत्रिणीलाच विचारलं. तिनं जे समजावलं ते आज तुम्हाला सांगतो.

तिच्या घराण्याची मंडळी मूळची प्रेस्बिटेरियन. या शब्दाच्या मुळाशी 'वडील' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. या पद्धतीत चर्चचा कारभार एकटा पाळक पाहत नाही. मंडळीनं निवडलेले वडील त्याच्यासोबत बसून निर्णय घेतात, जसे आपल्या गटात अध्यक्ष, सचिव आणि सभा असते. ही पद्धत स्कॉटलंडमध्ये १५६० पासून रुजली. तिथले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले आणि पुढे त्याच मिशनचं काम भंडाऱ्यातही सुरू झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. त्यात या मंडळ्याही आल्या. नाव बदललं, तरी उपासनेतली बरीच जुनी वळणं टिकून आहेत.

उपासनेला एक क्रम असतो. आधी पाळक देवाच्या भक्तीसाठी सगळ्यांना बोलावतात, मग गीत होतं. त्यानंतर पापांची कबुली आणि क्षमेचं वचन. मग बायबलमधून शास्त्रपाठ, आणि त्यावर उपदेश. या परंपरेत उपदेशाला मोठं स्थान आहे, कारण देवाचं वचन लोकांना आपल्या भाषेत कळलं पाहिजे, हा तिचा आग्रह आहे. मग विश्वासाची कबुली सगळे मिळून म्हणतात. दान गोळा होतं. आजारी माणसं, गाव, देश यांच्यासाठी प्रार्थना होते. शेवटी आशीर्वाद. बऱ्याच प्रार्थना पाळक स्वतःच्या शब्दांत करतात, म्हणून त्या दर रविवारी वेगळ्या असू शकतात.

स्कॉटलंडमध्ये फार काळ चर्चमध्ये फक्त स्तोत्रं गायली जात, तीही वाद्यांशिवाय. आपल्याकडे मात्र पेटी-तबल्यावर भजनं होतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणावर रचलेली गीतं 'उपासना संगीत' या पुस्तकातून घरोघरी गेली. म्हणून आम्हाला चाल परकी वाटली नाही. एक-दोन ठिकाणी तर आम्हीही टाळी धरली.

आता बाप्तिस्मा. पाळकांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं. त्याआधी आईबापांनी त्याला विश्वासात वाढवण्याचं वचन दिलं. मग पाळकांनी साऱ्या मंडळीलाही विचारलं, तुम्ही या बाळाला साथ द्याल ना? मंडळीनं एका आवाजात होकार दिला. लेकरू एकट्या घराचं नसतं, ते सगळ्यांचं असतं, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

आणि ती भाकर? तिला प्रभूभोजन म्हणतात. येशूनं मरणाआधी शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण आहे. भाकर आणि द्राक्षरस वडीलधारी माणसं बाकांवर बसलेल्यांपर्यंत नेतात. तो प्रसाद नाही. ज्यानं बाप्तिस्मा घेऊन येशूला मानल्याचं जाहीर केलं आहे, त्यानं आपलं वचन पुन्हा सांगायचं, असा तो विधी आहे. पाहुण्यावर असं वचन लादू नये, म्हणून ताट पुढे जातं. जातीपातीचा त्यात संबंध नाही. जेवणाच्या पंगतीत मात्र आम्ही सगळ्या एकत्रच बसलो होतो, हे मैत्रिणीनं आठवण करून दिलं.

तेव्हा ती गप्प बसलेली मैत्रीण म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." यजमानीणबाईंनीही मान्य केलं, "माझीच चूक. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

म्हणून मैत्रिणींनो, शेजारणीच्या चर्चमध्ये जाल तेव्हा कुठं बसायचं, चपला कुठं काढायच्या, हे आधी विचारून घ्या. सगळे उभे राहिले की उभ्या राहा. प्रार्थनेच्या वेळी शांत बसा. जे आपलं नाही ते म्हणायची सक्ती नसते. ताट पुढे गेलं तर मन खट्टू करू नका. आणि तुमच्या घरी पाहुणी आली, तर आपल्या पूजेत तिनं काय करायचं आणि काय नाही केलं तरी चालतं, हे तिला दारातच सांगा.