तारेभोवतीचा निळा उजेड
(लेखमाला : विजेच्या वाटा, भाग ५)

पावसाळी रात्री धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबकडच्या माळावर हायटेन्शन लाइनच्या टॉवरजवळ थांबलं, की वरून चरचर ऐकू येते. अंधार गडद असेल आणि डोळे त्याला सरावले असतील, तर तारेच्या कडेला फिकट निळसर-जांभळा उजेडही दिसतो. पवनचक्क्यांची वीज वाहून नेण्यासाठी या तालुक्यात ४००/२२० केव्हीचं उपकेंद्र झालं आहे, त्यामुळे हा आवाज इथे आता अनोळखी नाही. तो ऐकून करंट खाली उतरतोय अशी धास्ती वाटते. पण तो करंट खाली येत नसतो. तारेला खेटून असलेली हवा विजेने फुटते आणि तिथेच थांबते. याला कोरोना म्हणतात. ती तिथेच का थांबते, हा आजचा विषय.

मागच्या भागात आपण कमी दाबाच्या काचनळीतला शांत, एकसंध उजेड पाहिला. तोच उजेड उघड्या हवेत पाडायला गेलं, की ठिणगी उडते. अडचण गर्दीची आहे. आपल्या भोवतालच्या एक घन सेंटिमीटर हवेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात, आणि एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी जेमतेम ०.०७ मायक्रोमीटर अंतर कापतो. इलेक्ट्रॉनला याहून थोडी मोकळीक मिळते, पण तीही पुरेशी नसते. नवरात्रात तुळजापूरच्या महाद्वारापुढे धावू पाहणाऱ्या माणसाला पाऊलभरही वेग घेता येत नाही, तशी त्याची गत होते. ऑक्सिजनचा रेणू फोडायला सुमारे १२ आणि नायट्रोजनचा फोडायला साडेपंधरा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. इतक्या थोडक्या धावेत एवढी ऊर्जा गोळा व्हायची, तर विद्युतक्षेत्र जबरदस्त हवं : दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट.

एवढं क्षेत्र मिळालं, की एकाचे दोन, दोनाचे चार असे इलेक्ट्रॉन वाढत जातात. एका लोंढ्यात त्यांची संख्या दहा कोटींच्या घरात गेली, की त्यांचा स्वतःचा भारच आजूबाजूचं क्षेत्र वाकवतो आणि लोंढ्याचं टोक पुढे झेपावतं. त्यातून बारीक नाडी तयार होते. खरा घात मात्र उष्णता करते. नाडीतली हवा तापते, तापली की विरळ होते, विरळ हवेत इलेक्ट्रॉनना धावायला जास्त जागा मिळते, म्हणून तिथेच अधिक रेणू फुटतात आणि तिथेच अधिक प्रवाह लोटतो. हे चक्र थांबवलं नाही, तर पसरट उजेड आकसून हजारो अंशांचा आर्क होतो. वेल्डिंगमध्ये आपण मुद्दाम तेच करतो.

मग तारेभोवती हे चक्र का पूर्ण होत नाही? तारेपासून दूर जावं तसं क्षेत्र झपाट्याने घटतं. या लाइनांवर नेहमी वापरली जाणारी तार तीन सेंटिमीटरहून किंचित जाड असते. तिच्या पृष्ठभागापासून दीड-पावणेदोन सेंटिमीटर दूर गेलं, की क्षेत्र निम्मं होतं. लोंढा जवळ जन्मतो आणि पलीकडे उपाशी मरतो. तिथे ऑक्सिजनचे रेणू उरलेसुरले इलेक्ट्रॉन गिळून टाकतात. क्षेत्र कमी राहावं म्हणून अभियंते एकाऐवजी दोन, चार तारा अंतर ठेवून जोडतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने जणू एकच जाड तार होते. इन्सुलेटरच्या टोकाशी गोल कडी असते, तीही याच कामाची. पावसाचे थेंब तारेवर लोंबले, की त्यांच्या टोकांशी क्षेत्र एकवटतं, म्हणून पावसात आणि दवात चरचर वाढते. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा इथली हवा समुद्रकाठच्या २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. साहजिकच कोरोना इथे थोडा लवकर सुरू होतो. आराखडा करताना हवेची घनता धरावीच लागते.

हा उजेड बहुतांशी नायट्रोजनचा. त्याचा मोठा भाग ३३७ नॅनोमीटरजवळ, अतिनील पट्ट्यात पडतो, आपल्याला दिसतं ते केवळ शेपूट. तपासणीचे खास कॅमेरे २४० ते २८० नॅनोमीटरचा पट्टा पाहतात. सूर्याचा तो प्रकाश ओझोनचा थर वरच अडवतो, त्यामुळे भर दुपारीही तारेवरचा कोरोना त्यांत उठून दिसतो. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

तार जे काम जागेच्या बंधनाने करते, तेच वेळेच्या बंधनानेही करता येतं. १८५७ मध्ये जर्मन अभियंता सीमेन्सने ओझोन बनवण्यासाठी दोन इलेक्ट्रोडांमध्ये काच घातली. नाडी पेटली, की काचेवर भार साचतो, क्षेत्र खाली येतं आणि नॅनोसेकंदांच्या हिशेबात नाडी विझते. तापायला सवडच मिळत नाही. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी हेलियम वापरून वातावरणाच्या दाबाला नाड्यांऐवजी एकसंध उजेड मिळवला, आणि कापडासारख्या नाजूक वस्तूवर निर्वात पंपाशिवाय प्रक्रिया करण्याची वाट मोकळी झाली. साध्या हवेत मात्र ऑक्सिजन आडवा येतो. तो पुढच्या लोंढ्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन आधीच पकडून ठेवतो. म्हणून तिथे फट मिलिमीटरभर किंवा त्याहूनही अरुंद ठेवतात, नाहीतर नॅनोसेकंदांचे झटके देतात, आणि तरीही नाड्या पुन्हा डोकं वर काढतात.

पुढच्या आठवड्यात : हेच चक्र ढगात सुरू झालं, तर नाडी किलोमीटरभर लांब कशी होते.