मुलांच्या नाकामागची वाढ

तोंड सदा उघडे, नाक चोंदलेले, एका हाकेला ओ देत नाही. अशा मुलाला आपण ‘वेंधळा’ म्हणून मोकळे होतो. हा निकाल देण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

नाक मागे जेथे घशास मिळते तेथे, टाळूच्या वर, एक मऊ पुंजका असतो. डॉक्टर त्यास ‘ॲडिनॉइड’ म्हणतात. टॉन्सिल तोंड उघडताच दिसतात. हा दिसत नाही, म्हणूनच फसवतो. श्वासाबरोबर येणाऱ्या जंतूंशी झुंजणे हे त्याचे काम. तीन ते सात वर्षांच्या वयात तो मोठा असतो, पुढे आपोआप आकसतो. पण वारंवारच्या पडशाने तो फार फुगला की मूल घोरू लागते, आणि कानाकडे जाणाऱ्या नळीचे काम बिघडून पडद्यामागे चिकट पाणी साचते. कान ठणकत नाही, वाहत नाही. नुसते कमी ऐकू येते. मग मास्तर रागावतात, घरचे रागावतात! १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी हा विकार प्रथम नीट वर्णिला, तोही एका कमी ऐकणाऱ्या तरुणीला तपासताना.

प्रत्येक वाढ कापावी लागते असे नव्हे. नाकात मारावयाचा औषधी फवारा काही आठवडे देऊन पाहतात. कानातले पाणी पुष्कळदा तीन महिन्यांत ओसरते. मात्र वाट पाहणे म्हणजे विसरणे नव्हे. मुदतीनंतर श्रवणाची तपासणी पुन्हा हवीच. झोपेत श्वास अडकून मूल दचकत असेल तर थांबूच नये. दारव्ह्याहून शकुंतला गाडी धावेनाशी झाली, तरी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावयास एस.टी. आहे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन तोंडावाटे करतात; बाहेर टाका नाही. गरज असल्यास कानाच्या पडद्यात बारीक नळीही बसवितात. ‘गाठ काढली की मुलाची ताकद जाते’ ही भीती आम्ही अनेकदा ऐकतो. ती निराधार आहे. घशातील इतर ग्रंथी ते काम चालवितात. नंतर काही दिवस मूल नाकात बोलते, त्याने घाबरू नये. ताजे रक्त आले तर मात्र सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.